क्लब कुठला, ते तर विमान!

दर काही महिन्यांनी जुन्या कृष्णधवल फोटोंचा एक गठ्ठा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. नेहरू एका गोऱ्या बाईची सिगारेट पेटवून देताहेत, दुसरी एक बाई त्यांच्या मिठीत आहे, तिसरी गालाचा मुका घेतेय आणि शेवटी गांधीजी चक्क नाचताहेत. वर मथळा: देश उपाशी, नेते क्लबात गोऱ्यांची हांजी हांजी करताहेत, सरकारने दडवलेले फोटो.

आधी सिगारेट. हा फोटो होमाय व्यारावाला यांचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या बाई पुढे दिल्लीत वृत्तछायाचित्रकार म्हणून गाजल्या. फोटोतली जागा क्लब नाही, बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं विमान आहे आणि समोरच्या बाई ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नी. नेहरूंच्या स्वतःच्या ओठांतही सिगारेट आहे. ते ओढत असत, हे कुणी नाकारलंय? पाहुणीला काडी पेटवून देणं हा तेव्हाचा साधा शिष्टाचार होता.

‘दडवलेले’ हा शब्द तर हास्यास्पद आहे. व्यारावालांच्या फोटोंचं प्रदर्शन 2010 मध्ये भरलं ते सरकारच्याच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं. दडवायची ही रीत भलतीच उघडीवाघडी म्हणायची.

आता मिठी. ती बाई म्हणजे विजयालक्ष्मी पंडित, नेहरूंची सख्खी बहीण. ठिकाण दिल्लीचा विमानतळ. त्या तेव्हा मॉस्कोत भारताच्या राजदूत होत्या. पंडित हे आडनाव मराठीच, हे फॉरवर्ड करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींच्या गावीही नसतं. त्यांचे पती रणजित सीताराम पंडित कोकणातून काठियावाडात गेलेल्या मराठी घराण्यातले. संस्कृतचे जाणकार, ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर त्यांचं. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात तब्येत ढासळली आणि 1944 मध्ये ते गेले. विजयालक्ष्मी स्वतःही तुरुंगात जाऊन आलेल्या. त्या बाईला भावाने जवळ घेतलं, आणि आपण त्याखाली ‘ऐयाशी’ लिहून दहा ग्रुपवर पाठवतो. गालाचा मुका घेणारी मुलगी याच दांपत्याची लेक नयनतारा सहगल. 1955 मध्ये लंडनच्या विमानतळावर मामाला भेटतेय.

नाचणारे गांधीजी हे गांधीजी नव्हेतच. सिडनीतल्या एका धर्मादाय कार्यक्रमात गांधींचा वेश केलेला तो ऑस्ट्रेलियन नट आहे. गांधीजी ऑस्ट्रेलियाला कधी गेलेच नाहीत. फोटो मोठा करून नुसते दंड बघा, उपासांनी झिजलेल्या माणसाचे ते वाटतात का? याच गठ्ठ्यात कधीकधी गांधीजी एका बाईशेजारी बसून हसताना दिसतात. मूळ फोटो 6 जुलै 1946 चा, मुंबईतल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीतला. शेजारी बसून हसणारे होते नेहरू. त्यांना पुसून तिथे बाई चिकटवली आहे.

राहता राहिला मूळ आरोप: क्लबात जाणं म्हणजे गोऱ्यांची हांजी हांजी. काही पुढारी क्लबात जात, त्यात शंका नाही. पण मुंबईचाच इतिहास बघा. इंग्रजी अमदानीत बॉम्बे जिमखान्यात भारतीय माणसाला सदस्यत्व नव्हतं. लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असताना त्यांच्या नावाचा क्लब निघाला तो गोऱ्यांबरोबर भारतीय लोकांनाही आत घेणारा. तिथे जाऊन बसणाऱ्याला सरसकट लाळघोट्या ठरवायचं, तर मग रंगावरून दार लावून घेणाऱ्या क्लबांना काय म्हणायचं?

क्लबांवर राग असेल तर त्याला चांगली, आजची जागा आहे. दिल्ली जिमखाना 1913 मध्ये ‘इम्पीरियल’ हे बिरुद लावून सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर ते बिरुद गेलं, सफदरजंग रोडवरची मोक्याची जमीन मात्र राहिली. तिथल्या कारभारावर आक्षेप घेत केंद्र सरकार 2020 मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेलं आणि 2022 मध्ये न्यायाधिकरणाने क्लबवर सरकारी संचालक नेमायला परवानगी दिली. त्या निकालाची प्रत वाचायला मिळते, पण ती अजून एकाही ग्रुपवर आलेली नाही.