दीवला समुद्रही आहे

गुजरातेत राहणाऱ्या माणसाने ‘मी दीवला चाललोय’ हे वाक्य चारचौघांत उच्चारू नये. १९६० साली राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी. हेल्थ परमिट हवं तर डॉक्टरांपुढे उभं राहून आपण पुरेसे आजारी आहोत हे सिद्ध करावं लागतं. आणि दीव पडलं केंद्रशासित. काठेवाडच्या बुडाशी चिकटलेलं एवढंसं बेट, पण तिथे बंदी नाही. त्यामुळे तिथला किल्ला, वाळू, वारा आणि अख्खा अरबी समुद्र बडोदेकरांच्या हिशेबी चकण्यात जमा आहे.

मला समुद्रच बघायचा होता. हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी माझाच त्यावरचा विश्वास डळमळायला लागला. बडोद्यात समुद्राची तहान आम्ही सुरसागर तळ्याच्या पाळीवर भेळ खाऊन भागवतो. बंगलोरला नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीनंतर आला आणि म्हणाला, “मामा, बॅकपॅकिंग करू. दीव, सोमनाथ, पोरबंदर, द्वारका. एसटीने जायचं, डॉरमिटरीत झोपायचं. हॉटेलच्या एका रात्रीच्या पैशात अख्खा किनारा!” कमी पैशात म्हटल्यावर बायकोनेही हो म्हटलं. तिचा माझ्यावर विश्वास आहे. तिच्या भावाचा नाही.

“भावजी, दीव?” मेहुण्यांनी दार लोटून घेतलं. “समुद्र बघायला? छान छान. बघा, भरपूर बघा. आणि परत येताना पिशवीत थोडा समुद्र मावला तर...” दांडिया बाजारातल्या आमच्या न्हाव्याने वस्तरा मानेवर ठेवूनच विचारलं, कितीजण चाललात. शेजारच्या डॉक्टरांनी लिव्हरची तपासणी करून घ्यायचा सल्ला दिला, तोही फी न घेता. खरी कमाल केली देवळातल्या गुरुजींनी. त्यांनी शांतपणे विचारलं, “आधी सोमनाथ की आधी दीव?” म्हटलं, आधी दीव. गुरुजी म्हणाले, “म्हणजे पाप आधी, प्रायश्चित्त नंतर. क्रम बरोबर आहे.”

आता सामान. भाच्याने मला पाठीवरची जी पिशवी दिली तिला पोटावर बांधायचा एक पट्टा होता. खांद्यावरचं ओझं कमरेवर यावं म्हणून तो असतो. शास्त्र उत्तम आहे, पण ते ज्या पोटासाठी मांडलंय ते माझं नव्हे. पट्टा पूर्ण सैल केला, श्वास आत ओढला, तेव्हा कुठे दोन टोकांची गाठ पडली. श्वास सोडला तसं बक्कल ‘खट्’ करून उघडलं आणि समोर उभ्या असलेल्या सौ.च्या कोपराला लागलं. पुढचा सगळा प्रवास मी तो पट्टा मोकळाच लोंबता ठेवला. बसमध्ये तो हमखास कुणाच्या तरी हातात सापडे.

सामान सात किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा भाच्याचा दंडक. सौ.ने त्यात थेपले, दशम्या, लीलो चेवडो आणि काचेच्या बाटलीत कैरीचा छुंदा घातला. बाटली फुटू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळली, त्यावर प्लास्टिक, त्यावर माझा पायजमा. ही बाटली लक्षात ठेवा. भाच्याने स्वतःसाठी म्हणे पटकन वाळणारा खास टॉवेल आणला होता, किंमत विचारू नका. मी पंचा घेतला. पंचा अंग पुसतो, उन्हात डोक्यावर येतो, बसच्या खिडकीला पडदा होतो, वाळूवर अंथरता येतो आणि दांडीवर टाकला की चहा होईस्तोवर वाळतो. पुढे पुढे भाचाही माझाच पंचा वापरायला लागला. त्याच्या टॉवेलला कुबट वास येऊ लागला होता.

रात्रीच्या एसटीने निघायचं, हा स्वस्त प्रवासातला सगळ्यात पटणारा नियम. एका रात्रीचं भाडं वाचतं. झोपही वाचते, म्हणजे पुढे कधीतरी वापरायला शिल्लक राहते. दुसरा नियम वाराचा. दीवला सोमवार ते गुरुवार जावं. शुक्रवारी संध्याकाळी अहमदाबाद, सुरत आणि बडोदं एकदमच समुद्रप्रेमी होतात आणि खोल्यांचे भाव चढतात. दिवाळीची सुट्टी आणि एकतीस डिसेंबर यांच्या तर वाटेलाही जाऊ नये. पावसाळ्यात स्वस्त असतं, पण तेव्हा समुद्र अंगावर येतो.

सकाळी उन्याला उतरून पुढे दीव. स्कूटर भाड्याने घेतली. घेण्याआधी तिचे जुने ओरखडे मोबाइलवर टिपून ठेवावेत आणि पेट्रोलचा काटा बघावा. पंपापर्यंत जेमतेम पोचेल एवढंच पेट्रोल ठेवायची कला तिथे चांगली अवगत आहे. आणि मग निघावं, दीव गावातून नागव्यावरून थेट वणाकबाऱ्यापर्यंत. बेट डझनभर किलोमीटर लांब, रस्ता गुळगुळीत, वाटेत होकाची झाडं. होका म्हणजे ताडाचाच भाऊबंद, पण त्याला फांद्या फुटतात. फुदमजवळ गंगेश्वराला पाच पिंडी आहेत आणि भरतीची लाट आत शिरून स्वतःच अभिषेक करून जाते. पुजाऱ्याचं काम निम्मं. किल्ला १५३५ पासूनचा. गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या धास्तीने पोर्तुगीजांना जागा दिली. ते पाहुणे डिसेंबर १९६१ पर्यंत हलले नाहीत. बडोद्यात भाडेकरूंच्या बाबतीत आमचा अनुभव याहून फार वेगळा नाही.

संध्याकाळी खुकरी स्मारकाशी गेलो. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी पाणबुडीच्या हल्ल्यात याच समुद्रात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तिथे जरा वेळ उभं राहिल्यावर भाच्याचीही बडबड थांबली.

जेवायला बसलो तर वेटरने न विचारता शेंगदाणे आणि दोन पेले ठेवले. मी म्हटलं, दोन चहा. तो गेला आणि मालकाला घेऊन आला. मालकाने खुर्ची ओढली आणि अगदी वडीलधाऱ्या आवाजात विचारलं, “साहेब, तबियत बरोबर नथी?” आजूबाजूला सगळ्या टेबलांवर आमचीच माणसं, गुजरातची, आणि त्यातल्या एकाचंही तोंड समुद्राकडे नव्हतं. चहा शेवटी मिळाला तो दुसऱ्या दिवशी पहाटे, धक्क्यावर, मच्छीमार होड्यांतून उतरत होते तेव्हा. आल्याचा, कडक. दीवमध्ये स्वस्तातलं जे काही उत्तम मिळतं ते सकाळी सात वाजायच्या आत.

डॉरमिटरीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. दुमजली पलंग. खालचे सगळे आधी आलेल्या पोरांनी बळकावलेले. वर जायला शिडी म्हणजे तीन आडव्या लोखंडी नळ्या. पन्नाशी उलटलेल्या माणसाला रात्री एकदा तरी उठावं लागतं, हे डॉरमिटरी बांधणाऱ्या कुणाच्याच ध्यानात आलेलं दिसत नाही. अंधारात पाय खाली सोडावा तर वरची नळी लागतच नाही, मधली लागते, तीही तळव्याच्या नेमक्या खळग्यात. मी अगदी हळू ‘आई गं’ म्हणालो. खालच्या पडद्याआडून झोपाळू आवाज आला, “अंकल, ज्यादा हो गई क्या?” उतरलो, जाऊन आलो, पुन्हा चढताना पंचा नळीत अडकला. आता दोन पडदे उघडले. एका मुलीने पाण्याची बाटली पुढे केली आणि फार मायेने सांगितलं, “लिंबू घ्या, उतरते.” सकाळी भाच्याने खुलासा करायचा प्रयत्न केला. कुणाला पटला नाही. बरोबर दोन वस्तू न्याव्यातच, कपाटाला लावायचं स्वतःचं कुलूप आणि कानात घालायचे बोळे. बोळे मी नेले नव्हते, पण घोरणारा मीच असल्यामुळे त्यांची गरज इतरांना पडली.

दीवहून सोमनाथकडे निघालो तर चेकपोस्ट. बस थांबली, हवालदार चढला, सगळ्यांवरून नजर फिरली आणि लोंबत्या पट्ट्यावर येऊन थांबली. खाली उतरवलं. पिशवीला कप्पे इतके की त्याचा उत्साह वाढत गेला. ओला पंचा निघाला. चेवडा निघाला. मग पायजम्यात गुंडाळलेलं, प्लास्टिकमधलं, वर्तमानपत्रातलं जड असं काहीतरी हाताला लागलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की कॉपीची चिठ्ठी सापडलेल्या मास्तरांनीही विद्यार्थ्याकडे तसं पाहिलं नसेल. बस खिडक्यांतून बाहेर ओणवली. कागद सोलला. पिवळसर, दाट, काचेच्या बाटलीत. झाकण उघडून त्याने वास घेतला. पुन्हा घेतला. मग बोट बुडवून चाटलं.

“घरनो छे?”

म्हटलं, हो, बायकोने केलाय.

“सरस छे,” तो म्हणाला, आणि पिशवीच्या तळाशी एकदा शेवटचा हात घालून खऱ्या काळजीने विचारता झाला, “बस, आटलुं ज? दीवथी आवो छो ने?” एवढंच? दीवहूनच येताय ना! बसमध्ये परत चढलो तेव्हा मागच्या बाकावरचे लोक चुकचुकले. मला त्यांनी अत्यंत भोळा माणूस ठरवलं असावं.

कोडीनारला शेजारी एक फेटेवाले आजोबा बसले. बडोद्याच्या मराठी माणसाला एक खोड असते, संस्थानाचा विषय निघाला नाही तर तो काढायचा. मी त्यांना सांगितलं, कोडीनार म्हणजे पूर्वीचं आमचंच, गायकवाडांच्या अमरेली प्रांतातलं. आजोबांनी ऐकून घेतलं. मग बिडी कानावर खोवत म्हणाले, “तो शुं, पाछुं लेवा आव्या छो?” परत घ्यायला आलात का! वेरावळपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो.

वेरावळला बंदरात लाकडी जहाजं बांधताना दिसतात, आणि सुकट वाळत असते ती दिसायच्या आधी कळते. सोमनाथला राहण्याजेवण्याची सोय देवस्थानची, साधी, स्वच्छ, खिशाला झेपणारी. मुख्य मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली ती १९५१ साली. जवळच अहिल्याबाईंनी १७८३ मध्ये बांधलेलं देऊळ आहे, तिथे गर्दी कमी आणि मराठी कान टवकारलेले. मंदिराच्या आवारात बाणस्तंभ आहे. इथून सरळ दक्षिण ध्रुवापर्यंत मध्ये जमीन नाही, असं त्यावर कोरलेलं आहे. भाचा म्हणाला, “म्हणजे मामा, मध्ये चेकपोस्टपण नाही.” समुद्र मात्र इथे पाहायचा, उतरायचं नाही. ओढ जबर आहे.

या सगळ्या वाटेवरचा खरा ऐवज सोमनाथ ते पोरबंदर. तिकीट काढताना डाव्या हाताची खिडकी मागावी, कंडक्टर हसला तरी. मांगरोळ मागे पडलं की काही वेळाने माधवपूर येतं आणि तिथे समुद्र महामार्गाला अगदी खेटून येतो. इकडे नारळी, तिकडे फेस, मधून आपली लाल-पांढरी बस. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न इथे लागलं म्हणतात आणि रामनवमीपासून इथे त्याची जत्रा भरते. आम्ही मध्येच उतरलो, शहाळी प्यायलो, पंचा अंथरून पडलो आणि पुढच्या बसची वाट बघितली. ती बराच वेळ आली नाही. कुणालाच घाई नव्हती. त्या दुपारचा एकूण खर्च म्हणजे दोन शहाळी.

पोरबंदरला कीर्तिमंदिरात, गांधीजींच्या जन्मघरात, भाच्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, “मामा, आपल्याकडची बंदी यांच्यामुळेच ना?” मी त्याला गप्प केलं आणि बाहेर आल्यावर खाजली खायला घातली. मग द्वारका. तीही आमच्याच संस्थानची, ओखा बंदरही सयाजीराव महाराजांच्या राजवटीतच बांधलं गेलं, पण कोडीनारचा धडा ताजा असल्यामुळे मी कुणाला काही बोललो नाही. बेट द्वारकेला २०२४ पासून सुदर्शन सेतू झालाय, सव्वादोन किलोमीटरहून लांब, त्यामुळे होडीचे पैसे वाचतात. होडीची मजाही वाचते, म्हणजे होत नाही. शिवराजपूरचा किनारा नितळ. २०२० मध्ये देशातल्या ज्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मिळाला त्यात हा आहे आणि दीवचं घोघलाही आहे. हे मी घरी आल्यावर मेहुण्यांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, “फ्लॅग ठीक आहे हो, लेबल कुठलं होतं?”

ओख्याहून सौराष्ट्र मेल थेट बडोद्याला येते. तिच्यात वरच्या बर्थवर चढताना शिडी बघून माझ्या तळपायाला आपोआप कळ आली. भाचा खाली मोबाइलवर हिशेब करत होता. हातात चांगले पैसे उरले म्हणाला, आणि लगेच पुढचा बेत मांडला. दमण. वापीला उतरायचं, तिथून रिक्षा, दोन्ही तीरांवर किल्ले, मध्ये दमणगंगा, आणि समुद्र. तोही केंद्रशासित.

मी हो म्हटलंय. घरी, देवळात आणि न्हाव्याकडे मात्र गणपतीपुळं सांगणार आहे.