वाईकर, भिंतीवरची रेघ तुम्ही बरोबर पकडलीत

नमस्कार वाईकर,

जुन्या गाडीची हेडलाइट घरीच बदलल्याचा माझा लेख आणि त्याखालची तुमची प्रतिक्रिया. ती मी चार वेळा वाचली. पहिल्या दोन वेळा राग आला. तिसऱ्या वेळी लेखातला फोटो मोठा करून पाहिला आणि चौथ्यांदा वाचून झाल्यावर टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. उत्तराला आठ दिवस लागले ते त्यामुळे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाईकर रात्री कामावरून दुचाकीवर पाचवडमार्गे वाईला परततात. समोरून पांढऱ्या लाइटची गाडी आली की दोन-तीन सेकंद त्यांना रस्ता दिसत नाही. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरची, म्हणजे कंपनीची नसलेली, लाइट लावणारे सगळे एका माळेचे मणी आणि माझ्यासारखे लोक त्यांना शिकवायला बसलेत. शोरूममधून आलेली लाइट पुरेशी असते, दिसत नसेल तर हळू चालवा. हे घरी करायचं काम नाही, कायद्यातही बसत नाही. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: ‘तुमच्याच फोटोत उजेडाची रेघ पट्टीच्या वर गेलीय, ती तरी बघा.’

ती शेवटची ओळ खरी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लाइट सेट करताना मी भिंतीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या होत्या. वरची जमिनीपासून ६६ सेंटीमीटरवर, म्हणजे माझ्या हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर. खालची तिच्याखाली साडेसात सेंटीमीटरवर. गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर. डिपरचा (खाली झुकलेल्या लाइटचा) उजेड जिथे संपतो ती आडवी कड खालच्या पट्टीवर बसली पाहिजे. म्हणजे दर मीटरला उजेड एक सेंटीमीटर खाली उतरतो. सेट केली तेव्हा ती तशीच बसली होती, हे शपथेवर सांगतो. फोटो मात्र त्या दिवशी काढायचा राहिला. तो काढला पुढच्या रविवारी रात्री, दहिवडीहून सासरवाडीची शाळू ज्वारी घेऊन आल्यावर. पन्नास किलोची तीन पोती डिक्कीत तशीच होती. कंबर धरली होती, म्हटलं सकाळी उतरवू.

आता तुमच्या ओळीनंतर मी तीच पोती (एक संपत आलंय, त्यात शेजाऱ्याचं तांदळाचं पोतं उसनं घेऊन भर घातली) पुन्हा डिक्कीत टाकली आणि मोजलं. गाडीचं मागचं अंग पाच सेंटीमीटर बसलं. एवढंच! पण पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर आहे २४० सेंटीमीटर. त्या हिशेबाने नाक दर मीटरला दोन सेंटीमीटरहून थोडं जास्तच उचललं गेलं, आणि साडेसात मीटरवरच्या भिंतीवर रेघ साडेपंधरा सेंटीमीटर वर सरकली. वरच्या पट्टीच्याही आठ सेंटीमीटर वर. तुम्ही फोटोत पाहिलीत ती हीच. पन्नास मीटरवर तीच रेघ जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर पोचते, म्हणजे समोरून येणाऱ्या छोट्या गाडीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांशी. तुम्ही दुचाकीवर थोडे उंच बसता, तुमचा नंबर आणखी वीसेक मीटरवर लागतो. दहिवडीहून साताऱ्यापर्यंत त्या रात्री मला किती जणांनी डिपर मारला आणि मी किती जणांना मनात शिव्या दिल्या, ते आठवून आता कसंनुसं होतं.

यावर उपाय गाडीतच होता. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती असते, ती याचसाठी. मागे माणसं आणि सामान असलं की ती १, २, ३ अशी फिरवायची, उजेड खाली येतो. माझ्या गाडीत ती गाडी घेतल्यापासून शून्यावरच होती. बाहेरच्या हेडलाइटमध्ये ही चकती चालवणारी छोटी मोटर बरेचदा येतच नाही. जुन्या लाइटमधली काढून नवीत बसवावी लागते. मी बसवली होती, पण लेखात लिहायला विसरलो. म्हणजे माझा लेख वाचून कुणी लाइट बदलली असेल, तर त्याची चकती आज नुसती शोभेला आहे. ही चूक माझी. लेखात आज दुरुस्ती केली आहे आणि फोटोही बदलला आहे, रिकाम्या डिक्कीचा.

आता राग आलेल्या भागाकडे.

बाहेरची लाइट म्हणजे डोळ्यात जाणारी लाइट, हे मला मान्य नाही. तुमचे डोळे दिपतात ते उजेड किती आहे यापेक्षा तो कुठे जातोय याने. जुन्या गाड्यांतल्या साध्या एच४ हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परची (लांबवर जाणाऱ्या लाइटची) ६० वॅटची, डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा (बल्बमागच्या चकचकीत वाटीचा) वरचाच अर्धा भाग कामाला लागतो आणि उजेड रस्त्यावर उतरतो. सगळा हिशेब त्या तारेच्या जागेवर बेतलेला. त्या जागी एलईडीचा बल्ब खुपसला की उजेड येतो दोन बाजूंच्या चपट्या चिपांतून, तार होती तिथून तो नीट निघत नाही, आणि रिफ्लेक्टर तो वाटेल तिकडे फेकतो. चालवणाऱ्याला वाटतं, काय झक्कास उजेड पडलाय. पडलेला असतो झाडांवर, पाट्यांवर आणि तुमच्या हेल्मेटच्या काचेवर.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मीही एलईडीची जोडी लावली होती. पंधरा दिवस खुशीत होतो. मग एका रात्री बायको गाडी घेऊन माहेराहून येत होती आणि मी स्कूटरवर तिला सामोरा गेलो. वाढे फाट्याच्या अलीकडे समोरून एक गाडी आली आणि मला काहीच दिसेनासं झालं. पाय टेकवून थांबलो, तोंडाने जे निघायचं ते निघालं. गाडी शेजारी येऊन थांबली, काच खाली झाली. ‘अहो, कुणाला एवढं बोलताय?’ बल्ब दुसऱ्या दिवशी निघाले. ते अजून माळ्यावर आहेत, कुणाला द्यायचा धीर होत नाही.

म्हणून या वेळी मी बल्ब तोच ठेवला, साधा ६०/५५. बदलली ती काच-रिफ्लेक्टरसकट अख्खी पेटी. दहा वर्षांच्या उन्हाने प्लॅस्टिकची काच पिवळी आणि खरबरीत झाली होती, आतला रिफ्लेक्टर धुरकट. तुम्ही म्हणता शोरूमची लाइट पुरेशी असते. नवी असते तेव्हा असते. पिवळ्या काचेतून उजेड विखरून जातो, पुढे कमी पोचतो आणि समोरच्याच्या डोळ्यात उलट जास्त जातो. म्हणजे अगदी कंपनीचीच, पण म्हातारी झालेली लाइटही तुम्हाला त्रास देते. तुम्हाला ती ओळखू येत नाही, कारण ती पांढरी नसते.

काचपेपर मारून काच उजळता येते, तेही करून पाहिलं होतं. कंपनीचा उन्हापासून वाचवणारा थर त्या घासण्यात निघून जातो. वरून नवा थर दिला नाही तर एका उन्हाळ्यात पहिले पाढे पंचावन्न.

एका बाबतीत मात्र बाहेरच्या लाइटबद्दल तुमचा संशय रास्त आहे. मी ऑनलाइन मागवलेली पहिली जोडी परत पाठवली. दिसायला देखणी, आत गोल भिंग. भिंतीवर उजेड टाकला तर रेघ उजवीकडे वर चढलेली. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपरची रेघ डावीकडे चढती हवी, कडेचा माणूस आणि मैलाचा दगड दिसावा म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेली लाइट आपल्याकडे बसवली, तर ती चढती बाजू थेट समोरच्यावर जाते. पेचांनी कितीही खाली-वर केली तरी हे जात नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, ‘सर, फिटिंग सेम आहे.’ फिटिंग सेमच होतं.

‘घरी करायचं काम नाही’ याला माझं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. बंपर सैल करणं, चार बोल्ट, क्लिपा, बल्बच्या काचेला बोट न लावता तो बसवणं, भिंतीवर सेट करणं, हे कुणीही सबुरीने करू शकतो. वायरिंगचं तसं नाही. बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना बल्बच्या होल्डरवर मला मिळत होते १२.३. बाकीचे बारीक वायरीत आणि स्विचमध्ये खर्च होत होते. दीड व्होल्टने काय होतं असं वाटेल, पण व्होल्टेज दहा टक्के घटलं की बल्बचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. माझा तर एक तृतीयांश गेला होता. रिले (छोट्या विजेने चालणारा स्विच) लावून बॅटरीवरून सरळ जाड वायर आणली, होल्डरवर १३.६ आले, आणि त्याच बल्बने कात टाकली. पण हे करताना पहिल्या खेपेला मी फ्यूज लाइटच्या जवळ लावला होता, बॅटरीच्या जवळ नाही. मधली वायर पत्र्याला घासली आणि बॉनेटखालून जळका वास आला. नशीब, गाडी दारातच उभी होती. तेव्हा रिलेचं काम चांगल्या वायरमनकडून करून घ्या, हेही आता लेखात आहे. आणि १००/९० वॅटचे बल्ब कुणीही लावू नयेत. दोन्ही अप्पर मिळून सोळा-सतरा अँपिअर होतात, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल मला माहीत आहे. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि कलम १८२अ प्रमाणे दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हॅलोजनच्या जागी एलईडी किंवा झेनॉन बसवणारा या कचाट्यात सापडतो. खराब झालेल्या भागाच्या जागी त्याच जातीचा, मान्यताखूण असलेला भाग बसवणं ही माझ्या मते दुरुस्ती आहे. तुमच्या बाजूने बोलणारा खरा नियम वेगळाच आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा. लाइटपुढे ८ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला ती दिपवता कामा नये. मला तो नियम आवडतो. त्यात डोळा नेमका कुठे आहे ते सांगितलंय.

‘हळू चालवा’ हे मात्र मी मान खाली घालून मान्य करतो. साठच्या वेगाने ब्रेकवर पाय जाईपर्यंत सतरा मीटर जातात, थांबेपर्यंत आणखी वीस. हंगामात भुईंजच्या बाजूला उसाची दुहेरी ट्रॉली मागे एकही लाल चकाकी नसताना उभी असते, तेव्हा हे सदतीस मीटर साध्या डिपरमध्ये आरामात मिळतीलच असं नाही. चाळीसच्या वेगाला वीस मीटर पुरतात.

एक बारीकशी तक्रार माझीही. खंबाटकी घाटात समोरच्या लाइटने डोळे दिपतात असं तुम्ही लिहिलंय. अहो, बोगदा झाल्यापासून घाटातून फक्त पुण्याहून साताऱ्याकडे येणारी वाहनं चढतात, जाणारी बोगद्यातून जातात. घाटात समोरून कोण येणार? तिथे डोळ्यात येतो तो मागच्याचा अप्पर, आरशातून. पसरणी म्हणाला असतात तर गप्प बसलो असतो. तिथे वळणावर खरंच हाल होतात.

वाईकर, भिंतीवरच्या दोन्ही पट्ट्या अजून आहेत. तुम्ही साताऱ्यात आलात तर शाहूपुरीत या, मी गाडी लावतो, तुम्ही समोर दुचाकीवर बसून बघा आणि जिथे खुपतं तिथे सांगा. फक्त या रविवारच्या आत या. सोसायटीच्या सचिवांनी पट्ट्या काढून भिंत रंगवून द्यायला सांगितलंय, आणि तांदळाचं पोतंही शेजारी परत मागतायत.