‘वाचलेले दहा टक्केच लक्षात राहते’ या दाव्याविषयी

मुंबईतल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत जूनमध्ये शाळा उघडल्या की एक रंगीत त्रिकोण हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे की व्याख्यानातले ५ टक्के, वाचलेले १०, चर्चा केलेले ५०, सराव केलेले ७५ आणि दुसऱ्याला शिकवलेले ९० टक्के लक्षात राहते. म्हणून शिक्षकांनी बोलणे आवरावे, वाचनाचा तास कमी करावा आणि मुलांनीच मुलांना शिकवावे.

पहिला मुद्दा उगमाचा. त्रिकोणाखाली पुष्कळदा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचे नाव असते. डेल यांनी १९४६ साली प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंतचे शिकण्याचे प्रकार लावून दाखवणारा ‘अनुभवांचा शंकू’ मांडला खरा, पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. ज्या अमेरिकी संस्थेला, नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीजला, या आकड्यांचे श्रेय दिले जाते, तिलाही मूळ संशोधन दाखवता आलेले नाही.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. काय वाचले आणि किती दिवसांनी विचारले, हे न सांगता ‘लक्षात राहणे’ मोजताच येत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने मात्र पारडे फिरले आणि हेच प्रमाण ४२ व ५६ असे झाले. दोन्ही गट वाचूनच शिकले होते, तरीही १० टक्क्यांच्या आसपास कोणीच नव्हते.

तिसरा मुद्दा, शिकण्याचे असे सुटे थर नसतात; फळ्यावरचे गणित मूल ऐकते, पाहते आणि वहीत सोडवतेही.

सर्वांत घातक आहे तो ९० टक्क्यांचा दावा. ५२ मधून २७ वजा करताना ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन’ असे म्हणत ३५ लिहिणारी मुले प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने पाहिलेली असतात. अशा मुलाला शेजारच्याला शिकवायला बसवले, तर चूकच पुढे जाते. ज्याला हातचा समजला आहे त्याने समजावून सांगणे जरूर उपयोगी आहे, कारण तेव्हा त्याला आठवावे आणि जुळवावे लागते. पण ते शिक्षकाने नीट शिकवल्यानंतरचे काम आहे.

मुंबईकरांना तर दूर जायलाही नको. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच तरुणी मागे पडलेल्या १५-२० मुलांना वेगळे बसवून, त्यांच्या पातळीवरून वाचन आणि गणित शिकवत असे. अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदऱ्यात त्याची पद्धतशीर चाचणी घेतली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुण वाढले आणि वाढ मुख्यतः मागे असलेल्या मुलांची होती. तिथे कळीची ठरली ती मुलाची पातळी, आणि शिकवायला समोर एक मोठे माणूस होतेच.

तेव्हा ज्या शाळांनी या त्रिकोणापायी वाचनाचा तास कापला असेल, त्यांनी तो वेळापत्रकात परत घ्यावा आणि शेवटची पाच मिनिटे पुस्तक मिटून आठवेल ते लिहिण्यासाठी राखावीत.