ओझोनच्या मर्यादेविषयी खुलासा
नागपुरातील काही गटांत सध्या असा संदेश फिरत आहे की, ओझोन हे पृथ्वीचे संरक्षक कवच असल्याने हवेत तो जितका अधिक तितका चांगला, आणि म्हणूनच सरकारने त्याला मर्यादा घातलेली नाही. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत. कवच असते ते कितीतरी उंचावर. जमिनीलगतचा ओझोन मात्र वाहनांच्या व उद्योगांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगांवर ऊन पडून तयार होतो व फुप्फुसांना इजा करतो, त्यामुळे आपल्याकडच्या रखरखीत उन्हाळ्यात त्याकडे दुर्लक्ष करणे मला धोक्याचे वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेत मर्यादा स्पष्ट दिली आहे: प्रति घनमीटर आठ तासांसाठी १०० आणि एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅम. दम्याच्या रुग्णांची दिशाभूल होऊ नये, म्हणून तो संदेश कृपया पुढे पाठवू नका.