पेटी तेवढी पाठवून दे

रत्नागिरीत राहणाऱ्या प्रत्येक माणसाची आंब्याची बाग असते, असा मुंबई-पुण्याचा ठाम समज आहे. माणूस टिळक आळीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत असो, कलेक्टर कचेरीत कारकून असो, नाहीतर कॉलेजात गणित शिकवत असो. मार्च संपत आला की फोन सुरू होतात. आधी तब्येत, मग पोरांच्या परीक्षा, मग मुद्दा: "एक पेटी तेवढी पाठवून दे रे. घरचीच हां, बाजारातली नको."

आता 'एक पेटी' हे काही माप नव्हे. लाकडी पेटी तीच, आतला आंबा वेगळा. फळ तीनशे ग्रॅमच्या आसपास असेल तर चार डझन बसतात, अडीचशेचं असेल तर पाच, दोनशेचं असेल तर सहा-सात. मागणाऱ्याला मात्र फळ चार डझनीतलं हवं असतं, नग सात डझनीचे हवे असतात आणि भाव मेअखेरचा. पाडव्याच्या सुमाराला बाजारात येतो तो पहिल्या मोहोराचा आंबा. थंडीनं, मळभानं, तुडतुड्यांनी आणि फुलकिड्यांनी खाऊन जे उरतं ते. तो महागच असणार. हे फोनवर समजावून सांगितलं की पलीकडून एक थंड "असं होय" येतं आणि आपण दलाली खातो असा निकाल त्या घरात लागतो.

बरं, बाग नाही म्हणजे बागायतदार गाठणं आलं. इथला विकणारा स्वतःच्या मालाची स्तुती करत नाही. "आंबा कसा आहे यंदा?" विचारलं तर "आहे" म्हणतो. फारच चांगला असला तर "बरा आहे". ज्यानं "एकदम गोड, साखर!" म्हटलं, तो माणूस रत्नागिरीचा नाही आणि बहुधा आंबाही नाही. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळून कोकणातल्याच आंब्याला हापूस म्हणायचं ठरलं, पण हायवेच्या कडेला कर्नाटकी आंबा रत्नागिरीचं नाव छापलेल्या खोक्यात बसून हसत असतो. त्याची साल जाड असते, आपल्याची पातळ. कापल्यावर कळतं, म्हणजे पैसे दिल्यावर.

कलमाखाली उभं राहून घेणार असाल तर तीन गोष्टी बघाव्यात. आंबा झेल्यानं काढलाय का? म्हणजे बांबूच्या टोकाला जाळी आणि पातं. काठीनं पाडलेला आंबा त्या दिवशी छान दिसतो, चौथ्या दिवशी आपटलेल्या जागी काळा पडतो. दुसरं, देठ राहिलाय का? बोटाच्या पेरभर तरी हवा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि भाजल्यासारखा डाग उठतो. तिसरं, फळाचे खांदे देठाच्या वर आलेत का, आणि हिरवा गर्द रंग जरा फिका पडलाय का? आमच्याकडे याला 'चौदा आणे तयार' म्हणतात. आणे जाऊन कित्येक वर्षं झाली, आंब्यात अजून चालतात. बारा आण्याचा काढला तर पिकताना सुरकुततो आणि आंबट राहतो. सोळा आण्याचा काढला तर वाटेतच पिकतो. राखणीला नेपाळहून आलेले गुरखे असतात, आणि इतक्या हंगामांनंतर त्यांची नजर आमच्यापेक्षा पक्की झाली आहे. त्यांना विचारावं.

मग पाठवणी. मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वे स्टेशन आहे, पण ते गावात नाही, त्यामुळे वीसेक किलोची पेटी आधी रिक्षातून हिंडते. ट्रॅव्हल्सच्या डिकीत ठेवली तर वर कुणाची तरी बॅग येते. इंजिनाजवळची जागा मिळाली तर दादरला पोचेपर्यंत आंब्याचं शिकरण तयार असतं. ड्रायव्हरला "बाबा, सावलीत, आणि वर काही ठेवू नको हो" असं सांगायचं. तो मान हलवतो. तो सगळ्यांनाच मान हलवतो.

पेटी पोचली की फोनवर आढीचे वर्ग भरतात. भाताचा कोरडा पेंढा चार बोटं पसरायचा, आंबे एकमेकांना न टेकता एका थरात मांडायचे, वर पातळ पेंढा. हवा खेळती हवी. तिसऱ्या दिवसापासून रोज हात फिरवून तयार झालेले बाजूला काढायचे. साधारण आठवड्यात आंबा पिकतो, मे महिन्याच्या उकाड्यात लवकर. एवढं ऐकून पलीकडचा माणूस पेटी पलंगाखाली जशीच्या तशी सरकवतो. नाहीतर कच्चे आंबे फ्रिजमध्ये भरतो. ते तिथे पिकत नाहीत, नुसते रुसतात. नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो, मग देठाकडून कुजायला लागतात. तक्रार आमच्याकडे.

पण खरी परीक्षा साक्याची. वरून सोन्यासारखं फळ, वास घरभर, आणि कापल्यावर बाठीभोवती पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर. बाहेरून काडीची खूण दिसत नाही. संशोधकांचं म्हणणं असं की, बाठीतल्या बीला झाडावर असतानाच रुजायची घाई होते आणि त्याची किंमत गराला मोजावी लागते. जास्त तयार झालेल्या मोठ्या फळात साका अधिक, तापलेल्या कातळाची धग लागली तर आणखी अधिक. म्हणजे ज्यांनी आग्रहानं "मोठा आणि झाडावर पूर्ण तयार झालेला" मागितला, त्यांच्याच ताटात तो हमखास निघतो. बागायतदार म्हणतो, मी आत शिरून बघितलं नव्हतं. खाणारा म्हणतो, तू तिथे राहतोस ना? आणि निसर्गानं केलेल्या गफलतीचा जामीन म्हणून आम्ही उभे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं रत्नागिरीत काढून ज्याला नातेवाइकांनी पेटी मागितली नसेल असा बहुधा तोच एक. कैद होती म्हणतात.

पहिला पाऊस पडला की उरलेला आंबा कॅनिंगला जातो. फोनवर मग फणसपोळी, कोकम आगळ, काजूगर असं करत मंडळी समुद्राकडे वळतात: "मिरकरवाड्याला ताजं पापलेट मिळतं ना रे?" 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, आणि हे सरकारचे आमच्यावर फार मोठे उपकार आहेत. ऑगस्ट उजाडला की गणपतीच्या गाडीचं तिकीट तिकडून मिळत नाहीये, स्टेशनवर तुझ्या ओळखीचं कुणी आहे का, असं विचारणारे फोन येतात.