पाचशे शब्द म्हणजे नेमका किती मजकूर?

लेखनस्पर्धांचे दिवस आले की शिक्षकांच्या आणि लेखकांच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. म्हणे, लेखाची लांबी मोजायचं खरं माप एकच, शब्दसंख्या. ते सगळ्या भाषांना सारखं लागू. संगणक ते अचूक सांगतो. एक पान म्हणजे 250 शब्द. आणि आपल्याकडे पूर्वी असं मोजमाप नव्हतंच. गोव्यात एकाच स्पर्धेत मराठी, कोकणी आणि इंग्रजी लेख येतात, म्हणून या समजुतीचा त्रास इथे जास्त होतो.

आधी ‘सगळ्या भाषांना सारखं’ याबद्दल. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहितात. ‘देवळासमोरच्या तळीकाठच्या वडाखाली’ हे तीन शब्द. इंग्रजीत एवढंच सांगायला कितीतरी जास्त शब्द खर्ची पडतात. मग ‘किमान 500 शब्द’ ही अट तिन्ही भाषांना लावली की मराठीत लिहिणाऱ्या मुलाला तेवढ्याच आशयासाठी जास्त मजकूर भरावा लागतो. निबंधात ‘खरोखर’, ‘अतिशय’, ‘असे मला वाटते’ यांची गर्दी होते, त्यामागे ही अटही असते. मुलाला सांगायचं होतं ते सांगून झालेलं असतं. आकडा मात्र गाठलेला नसतो.

‘संगणक अचूक सांगतो’ हे त्याहून घातक. संगणक शब्द ओळखत नाही, दोन मोकळ्या जागांमधला मजकूर मोजतो. वरचेच तीन शब्द ‘देवळा समोरच्या तळी काठच्या वडा खाली’ असे तोडून लिहिले की तो सहा सांगतो. लेखन अशुद्ध झालं आणि लांबी दुप्पट! कमाल मर्यादा असली तर उलट, एरवी सुटे लिहायचे शब्द चिकटवले की आकडा खाली येतो. ज्या मापामुळे शुद्ध लिहिणाऱ्याचं नुकसान होतं, ते मराठीच्या स्पर्धेत चालवून घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. अक्षरं मोजा: जोडून लिहा की तोडून, ती सोळाच भरतात.

अर्थात संगणकाच्या अक्षरसंख्येवरही विसंबता येत नाही. ‘म्हापसा’ आपण तीन अक्षरांत वाचतो. संगणक काना आणि हलन्त सुटे धरून सात मोजतो. ‘पणजी’ही तीनच अक्षरांची, पण तिचे चार होतात. एसएमएसमध्ये रोमन लिपीला 160 चिन्हं मिळतात, देवनागरीला 70, आणि त्यातही प्रत्येक मात्रा वेगळी धरली जाते. देवनागरी जोडाक्षर हे एकच एकक मानावं असा नियम युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या लिहिण्यासाठीच्या, मानकात 2023 साली आला.

पानाचा हिशेब दोन वाक्यांत संपतो. तोच मजकूर बारा पॉइंटच्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये आणि बारा पॉइंटच्याच ‘कोकिळा’त लावून बघा. ‘कोकिळा’त अक्षर बरंच लहान दिसतं आणि पानं कमी होतात.

आता ‘पूर्वी मोजत नसत’. हे तर साफ खोटं. हस्तलिखितांत 32 अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून लांबी मोजत. अनुष्टुभ छंदातल्या श्लोकात 32 अक्षरं असतात, तेच एकक गद्यालाही लावत आणि पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या नोंदवत. मराठीत ओव्या मोजत. आपल्या सासष्टीतल्या रायतूरला 1616 साली छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची लांबी आजही आपण सुमारे 11 हजार ओव्या अशीच सांगतो, पानांत किंवा शब्दांत नाही. अक्षरावर बेतलेलं माप आपल्याकडे होतं आणि ते गद्यालाही पुरत होतं.

म्हणून आयोजकांना कळकळीची विनंती. भाषण किंवा कथाकथन असेल तर मिनिटं सांगा. लेख असेल तर अक्षरमर्यादा द्या. शब्दमर्यादाच ठेवायची असेल तर मराठीची वेगळी आणि कमी ठेवा, आणि तोडून लिहिलेले शब्द परीक्षकाने जोडून मोजावेत. हस्तलिखिताची अक्षरं मोजणं अवघड नाही: कुठल्याही दहा ओळी घ्या, जोडाक्षर एक धरून मोजा, सरासरी काढा आणि एकूण ओळींनी गुणा.