गिरणी कुठे आहे?

पुण्यात रो हाऊस घ्यायचं म्हटलं की माणूस आपोआप नगर रोडनं वाघोलीकडे निघतो. त्याच्या अलीकडची रो हाऊसेस नुसती बघायची असतात.

वाघोली 2021 साली महापालिकेत आली. तेव्हापासून तिथले एजंट 'पुण्याजवळ' म्हणत नाहीत, 'पुण्यात' म्हणतात. आमच्या एजंटाच्या ब्रोशरमध्ये सगळी अंतरं मिनिटांत होती. विमानतळ 20 मिनिटं, खराडीची आयटी पार्कं 10, शाळा 5 आणि हॉस्पिटल तर अवघी 3. ही मिनिटं पहाटे साडेतीन वाजता, रिकाम्या रस्त्यावर, मागे पोलीस लागलेले असताना मोजली असावीत. केसनंद फाट्याच्या गर्दीत आम्ही अडकलो होतो तेवढ्या वेळात ब्रोशरच्या हिशेबानं विमान गाठून, वर ते चुकवूनही झालं असतं. रेराच्या 2016 च्या कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या करून दिली, मिनिटाची तेवढी राहून गेली.

घर तीन मजली. म्हणजे मुख्यतः जिना, आणि उरलेल्या जागेत खोल्या. चहा खाली, चष्मा वर, आणि दोन्हींच्या मध्ये माझे गुडघे.

"स्वतःची जमीन, स्वतःचं आकाश!" एजंट म्हणाला. वर-खाली सगळं आपलं, हे खरंच. आजूबाजूचं काय ते डावीकडच्या भिंतीनं सांगितलं. आतून कुकरची शिट्टी झाली.

"तिसरी," बायको म्हणाली. "आता बंद करायला हवा."

पलीकडे गॅस बंद झाल्याचा 'खट्' आवाजही आला.

बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, हे कळल्यापासून एजंट माझ्याशी बोलायचाच बंद झाला होता. आता सगळं "मॅडम, मॅडम". मी किल्ल्या सांभाळत मागे.

"मॅडम, क्लबहाऊस आहे, स्विमिंग पूल आहे."

"पाणी?"

"टँकर येतो ना मॅडम. दहा हजार लिटरचा!" हे त्यानं अशा अभिमानानं सांगितलं, जणू टँकर हीसुद्धा एक अ‍ॅमेनिटीच. पूल कोरडा का होता, तेही आपोआप कळलं.

"गिरणी कुठे आहे?"

"जिम आहे मॅडम. फुल्ली इक्विप्ड."

"अहो, दळणाची गिरणी. ज्वारी कुठे दळून आणायची?"

एजंटानं ब्रोशर उघडलं. मेडिटेशन झोन होता, पार्टी लॉन होतं, म्हाताऱ्यांना बसायला कट्टा होता, कुत्र्यांना फिरायला वेगळी जागा होती. ज्वारीची सोय नव्हती. इस्त्रीवाला, परकर-ब्लाउज शिवणारी, रात्री नऊनंतर कोथिंबीर देणारा कुणी, यातलंही काही नव्हतं. आमचं आजवरचं आयुष्य यांच्याच जिवावर चाललेलं. पूल नाही म्हणून आमचं कधी काही अडलं नव्हतं.

"मॅडम, घरगुती चक्की आम्ही फ्री देऊ."

"ती केवढा आवाज करते! शेजारी काय म्हणतील?"

एवढ्यात डावीकडची भिंत बोलली.

"गिरणी फाट्याच्या अलीकडे आहे हो ताई! पण सोमवारी बंद असते. आणि ज्वारी त्याच्याकडे नका देऊ, बाजरीवर दळतो मेला!"

हॉलमध्ये कुणीच काही बोललं नाही. एजंट मात्र क्षणभरही न अडखळता वळला.

"बघा मॅडम," तो म्हणाला, "शेजार किती चांगला आहे."